कोरमची अट नाही

पर्यावरणाच्या जनसुनावणीला कोरम लागत नाही. हे मी मनचं सांगत नाही. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत, परिशिष्ट चारमध्ये, तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. दूध डेअरीच्या वार्षिक सभेला कोरम लागतो. ग्रामसभेला लागतो. सोसायटीच्या चेअरमनवर अविश्वास आणायचा तर संचालकांना चार दिवस आधी गाडीत घालून देवदर्शनाला न्यावं लागतं. पण खाण काढायची, कारखाना उभारायचा आणि त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं, तर लोक हजर असलेच पाहिजेत असं काही नाही. जिल्हाधिकारी आले, प्रदूषण मंडळाचे साहेब आले, व्हिडिओवाला आला, की सुनावणी सुरू. ज्या कुणी हे कलम लिहिलं त्याचा सरकारी नोकरीतला अनुभव दांडगा असणार.

आता मादन हिप्परग्यात बसून ही उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. आमचं गाव आळंद तालुक्यातलं. जिल्हा कलबुर्गी, म्हणजे २०१४ पर्यंतचा गुलबर्गा. तोंडात अजून गुलबर्गाच येतं. एका अंगाला अक्कलकोट, दुसऱ्या अंगाला उमरगा. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दख्खनी, आणि भांडताना जी आधी सुचेल ती. १९५६ साली आम्ही हैदराबाद राज्यातून निघून इकडे आलो आणि तेव्हापासून आम्ही नक्की कुणाकडं असायचं याची सुनावणी चालूच आहे. महाराष्ट्राचा दावा तर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. तेव्हा सुनावणी या प्रकारात आमच्या भागाला जाणकार मानायला हरकत नसावी.

तर या उठाठेवीचं कारण गोगी. शहापूर तालुक्यातलं गाव, आता यादगीर जिल्ह्यात. यादगीर वेगळा निघेपर्यंत आमच्याच गुलबर्ग्यातलं. चंदा हुसैनी यांचा दर्गा तिथला, आणि त्याच्या आवारात विजापूरच्या पहिल्या आदिलशाही सुलतानांच्या कबरी. यूसुफ आदिलशहाला तिथं पुरलं तेव्हा आपण कशाच्या शेजारी निजतोय याची त्याला कल्पना असणं शक्य नव्हतं. जवळजवळ पाचशे वर्षांनी हैदराबादच्या बेगमपेठेतल्या अणुखनिज संचालनालयाचे लोक आले, त्यांनी भोकं पाडली आणि सांगितलं की इथं युरेनियम आहे. भारतात इतरत्र मिळतं त्याच्या मानानं प्रतही बरी आहे. मग युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा खाणीचा प्रस्ताव आला, मग गावकऱ्यांचे मोर्चे आले, मग फायली.

ही बातमी आमच्या कट्ट्यावर पोचली ती शहाबादी फरशीच्या वाटेनं. निवृत्त मास्तरांनी सांगितलं की गोगीचा दगड भीमा खोऱ्यातल्या चुनखडीचा; ज्या खडकातून शहाबादची फरशी निघते त्याच कुळातला. अख्ख्या महाराष्ट्राच्या वसऱ्या, ओटे आणि न्हाण्या ज्या फरशीवर उभ्या आहेत तीच ती.

“म्हंजे माज्या वसरीत बी हाय का काय?” असं म्हणून कट्ट्यावरच्या आप्पांनी दोन्ही पाय वर घेतले.

मास्तरांनी त्यांना खाली उतरवलं. फरशीचा काही दोष नाही. गोगीला चुनखडी आणि ग्रॅनाइट जिथं एकमेकांना भिडतात तिथं जमिनीत मोठा भ्रंश आहे. त्या भेगांमधून कधीकाळी पाणी फिरलं आणि युरेनियम तिथं साठलं. आपल्याखाली तर काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. इथवर सगळं ठीक होतं. पण मास्तरांना अर्धवट ज्ञान देऊन थांबता येत नाही. ते पुढं बोलून गेले की भीमा खोऱ्याचे ते थर वायव्येकडं या काळ्या पाषाणाच्या खाली शिरलेले आहेत. किती आणि कुठवर, ते वर बसून दिसत नाही.

“म्हंजे आपल्या खाली बी असंल की!” आप्पा म्हणाले. आवाजात भीती नव्हती, मालकी होती. आठवडाभर त्यांनी तुरीच्या रानाचा भाव कुणालाही खरा सांगितला नाही. टेम्पो चालवणाऱ्या मामूंना मात्र ही गोष्ट पटली नाही. त्यांचं म्हणणं, “जमीन तुमची, आप्पा. पर नीचे का माल सरकार का. तुमकू सिर्फ गड्ढा मिलता.” खनिज कायद्याचं इतकं नेमकं निरूपण मी वकिलाकडूनही ऐकलेलं नाही.

युरेनियमच्या नाही, पण एका जनसुनावणीला मी स्वतः गेलो आहे. आमच्या जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने उदंड, त्यामुळे चुनखडीच्या खाणीची सुनावणी ही सेडम-चित्तापूरकडं वरचेवर होणारी गोष्ट. मंडप होता. पुढं सोफे, सोफ्यांवर पांढरे टर्किश टॉवेल. मागं प्लास्टिकच्या खुर्च्या. त्याच्या मागं पोलिस. उप्पिट आणि केशरी शिऱ्याची पाकिटं भाषणांच्या आधी वाटली गेली. अनुभवी कंपनी भाषणांनंतर वाटते, म्हणजे लोक थांबतात, असं शेजारच्यानं सांगितलं. नियमाप्रमाणं महिनाभर आधी अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी लोकांना वाचायला ठेवायचा असतो. मंडपातही एक प्रत होती. कुणी पळवू नये म्हणून ती सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेली होती. इंग्रजीतला तो पाचशे पानांचा गठ्ठा कुणी पळवून नेला असता तर मी त्या माणसाचा सत्कार केला असता.

पहिलं काम असतं कंपनीच्या सादरीकरणाचं. पडद्यावर हिरवा नकाशा येतो. खाण त्यात लाल ठिपक्याएवढी असते आणि बाकी सगळीकडं झाडं. सल्लागार कंपनीचा तरुण सांगतो की प्रकल्पामुळं धूळ होणार नाही, आवाज होणार नाही, पाणी खाली जाणार नाही आणि प्रदेशातलं तापमानही बहुधा सुधारेल. एका ऋतूचे नमुने घेतलेले असतात. पशुपक्ष्यांची यादी असते. या यादीकडं मी फार आदरानं पाहतो, कारण मला रत्नागिरीचा किस्सा ठाऊक आहे. तिथं एका बॉक्साइटच्या खाणीसाठी सादर झालेल्या अहवालात पक्ष्यांची घरं स्प्रूस आणि बर्चच्या जंगलात असल्याचं निघालं. कोकणात! पुढं उलगडा झाला की अहवालातला मजकूर रशियातल्या एका बॉक्साइट प्रकल्पाच्या अहवालातून जसाच्या तसा उचललेला होता. आंबा-काजूच्या बागेत बर्फातली झाडं उगवली आणि तपासणाऱ्या साहेबांच्या ती आधी नजरेला आली नाहीत. बाहेरच्या लोकांनी दाखवून द्यावी लागली.

मग जनता बोलते. पहिला मान पुढाऱ्याचा. हा बसवेश्वरांपासून सुरुवात करतो, शिवाजी महाराजांवरून बाबासाहेबांपर्यंत येतो आणि विसाव्या मिनिटाला, माइक बंद करण्याच्या बेतात कुणी आला की, “विकासाला आमचा विरोध नाही, पण,” असं म्हणून खाली बसतो. त्या ‘पण’च्या पुढचं तो कंपनीच्या गेस्टहाउसवर बोलतो असं म्हणतात. नंतर तरुण. त्यांना नोकरी पाहिजे. उत्तर येतं, “पात्रतेनुसार स्थानिकांना प्राधान्य.” पात्रता खड्ड्यावर पहारा देण्याची, हे त्यांना नंतर कळतं. मग एकजण बसस्टँडला शेड मागतो, एकजण देवळाला सभामंडप मागतो. एकजण भावकीतल्या बांधाचं भांडण काढतो आणि ते मिटेस्तोवर खाण सुरू करू नये अशी मागणी करतो. मला विचाराल तर हा शेवटचाच माणूस खरा पर्यावरणवादी, कारण ते भांडण मिटणार नव्हतं.

सगळ्यांना साहेबांचं एकच उत्तर: “नोंद घेतली आहे.”

आणि मग एक म्हातारी उठली. डोक्यावर पदर, हातात पाकीट न उघडलेलं. ती कन्नडमधून बोलली. तिचं म्हणणं एवढंच, की आत्ताच्याच कारखान्याची धूळ तिच्या ज्वारीवर बसते, कणीस झाडलं की हात पांढरा होतो, आणि ते पीठ मी नातवाला घालू का साहेब तुमच्या डब्यात देऊ? लोक हसले. साहेब म्हणाले, नोंद घेतली आहे. म्हातारी बसली नाही. म्हणाली, काय लिवलंस ते वाच.

नियमातच तसं आहे. कार्यवृत्त त्याच दिवशी, लोकांच्या भाषेत, लोकांसमोर वाचून दाखवायचं असतं आणि त्यावर जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या जागी बसलेल्या अधिकाऱ्याची सही व्हायची असते. एरवी तोवर मंडप रिकामा झालेला असतो. इथं म्हातारी उभीच राहिली, म्हणून कारकुनानं वाचलं: “धूलिकण नियंत्रणाबाबत एका महिलेने सूचना केली.” ती म्हणाली, ही मी नव्हे. मी पिठाचं बोलले. तू पिठाचं लिही. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा तिच्यावर होता. साहेबांनी कारकुनाकडं पाहिलं, कारकुनानं घाम पुसला, आणि सरकारी दप्तरात ज्वारीचं पीठ गेलं. खाण थांबली नाही हे वेगळं सांगायला नको. पण त्या फायलीत पीठ आहे.

युरेनियमच्या बाबतीत तिचा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण ही धूळ पांढरी दिसत नाही. मास्तरांनी कट्ट्यावर हिशेब मांडला. आपल्याकडचं युरेनियमचं खनिज हलक्या प्रतीचं. झारखंडच्या जादूगोड्याला हजार किलो दगड फोडला तर अर्धा किलोच्या आसपास माल. गोगीचा दगड त्याहून बरा धरला तरी हजार किलोतून दोन किलो निघाला म्हणजे डोक्यावरून पाणी.

“आन् बाकीचं?” आप्पा.

“बाकीचं तिथंच. दळून, आम्लात नाहीतर अल्कलीत भिजवून, गाळ करून तळ्यात साठवायचं. युरेनियम काढून घेतलं तरी त्याची पिलावळ, रेडियम वगैरे, गाळातच राहते. मूळ किरणोत्सर्गाचा ऐंशी-पंच्याऐंशी टक्के वाटा मागंच.”

“कुटवर ऱ्हातंय ते?”

“रेडियम अर्धं व्हायला सोळाशे वर्षं. युरेनियम अर्धं व्हायला चारशे सत्तेचाळीस कोटी.”

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. शेवटी म्हणाले, “सीमाप्रश्न आदी सुटंल, न्हाई?” मास्तरांनी खात्री दिली नाही.

तळ्यातला गाळ तळ्यातच राहील, हे सादरीकरणात तिसऱ्या चौथ्या पडद्यावर येतं. जादूगोड्याला युरेनियम कॉर्पोरेशन १९६७ पासून आहे. तेव्हा जनसुनावणी नावाचा प्रकारच नव्हता. ती सक्तीची झाली १९९७ मध्ये. तिथं डिसेंबर २००६ मध्ये गाळ वाहून नेणारा पाइप फुटला आणि कित्येक तास वाहत राहिला. कंपनीला खबर दिली ती गावकऱ्यांनी. म्हणजे कोट्यवधींच्या प्रकल्पाचा भोंगा गावानं पदरचा वाजवला. तरी जनसुनावणीत गावकऱ्यांचा तांत्रिक अभ्यास कमी पडतो असं म्हणतात.

आमच्या बाजूनं एक गोष्ट कबूल करायला हवी. गोगीचं पाणी वर आमच्याकडं चढत नाही. आमचंच पाणी अमरजा नदीतून गाणगापूरकडं भीमेला मिळतं आणि पुढं त्यांच्याकडं जातं. त्यामुळं मादन हिप्परग्यानं गोगीची काळजी करणं हे शुद्ध परोपकारात मोडतं. पण काळ्या पाषाणाखाली काय आहे हे ठरेस्तोवर आम्ही स्वतःला परोपकारी म्हणवून घ्यायला तयार नाही.

अहवाल मराठीत नसणार ही आमची जुनी तक्रार. नियम म्हणतो, सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत. आमचं राज्य कन्नड आणि घर मराठी, तेव्हा नियम आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थांबतो. पण मराठी राज्यात राहून तरी काय बिघडायचं राहिलं? जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० ला माडबनला झाली. अहवाल मराठीतून वेळेवर हाती आला नाही, वाचल्याशिवाय बोलायचं काय, असं तिथले लोक म्हणत होते. २८ नोव्हेंबरला पस्तीस अटींसह परवानगी मिळालीही. त्या अटी मोजायला लोकांना सुनावणीपेक्षा जास्त वेळ लागला. अणुभट्टी अजून एकही उभी राहिलेली नाही, पण ते श्रेय सुनावणीला देता येत नाही.

२०२० मध्ये या नियमांचा नवा मसुदा आला. त्यात सुनावणीच्या नोटिशीचे तीस दिवस वीसवर आणले होते. पाचशे पानं वाचायला तीस दिवस जास्तच होतात असं कुणाला तरी वाटलं असावं. मसुदा मात्र इंग्रजी आणि हिंदीतच. दिल्ली उच्च न्यायालयानं राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांमध्ये तो भाषांतरित करा म्हणून सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. भाषांतरकार लावले असते तर वकिलांपेक्षा स्वस्तात पडले असते.

सुनावणीला न जुमानता अडून बसलेली माणसंही आहेत. मेघालयातल्या डोमियासियाटच्या स्पिलिटी लिंगदोह लांग्रिन यांनी युरेनियमसाठी जमीन दिली नाही ती नाहीच. पैसे दाखवून झाले, वर्षं गेली, म्हातारपण आलं, २०२० मध्ये त्या गेल्या, पण सही झाली नाही. तेलंगणात नल्लमलाच्या जंगलासाठी लोकांनी एवढा गलका केला की सप्टेंबर २०१९ मध्ये विधानसभेनं युरेनियमच्या खाणीविरुद्ध एकमुखानं ठराव केला. हे ऐकल्यावर आप्पांनी विचारलं, तिथं कोरम होता का. विधानसभेला लागतो, हे त्यांना सांगितलं.

एवढं सगळं हसून झाल्यावर आता ८ सप्टेंबर २०२५ ची गोष्ट. त्या दिवशी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं एक कार्यालयीन ज्ञापन काढलं. अणुखनिजांच्या, तसंच ‘महत्त्वाच्या आणि सामरिक’ म्हणून यादीत असलेल्या इतर खनिजांच्या खाणींना जनसल्लामसलतीतून सूट. खाण लहान असो की मोठी, छाननी दिल्लीतच. देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आहे, हे कारण. २००६ च्या नियमात संरक्षणाच्या प्रकल्पांसाठी तशी एक फट होतीच. आता ती दार करून दिली. म्हणजे मंडप नाही, सोफे नाहीत, सुतळीला बांधलेला गठ्ठा नाही, आणि लेखी हरकती घेणंही बंधनकारक नाही. कोरमच्या अटीचा प्रश्न कायमचा मिटला.

मास्तरांनी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा कट्टा क्षणभर बधिर झाला.

“म्हंजे आता उप्पिट बी न्हाई?” आप्पांनी विचारलं.

मामू म्हणाले, “आप्पा, पूछतेच नईं बोले तो खिलाएंगे कायकू?”

मी स्वतः इतकी वर्षं जनसुनावणीला तमाशा म्हणत आलो आणि तो तमाशाच होता. साहेबांचं मत मंडपात येण्याआधी झालेलं असे, पुढाऱ्याचं गेस्टहाउसवर होई, आणि आपलं कुणी विचारतच नसे. पण त्या तमाशात एक नियम असा राहून गेला होता की जिल्ह्याच्या मोठ्या अधिकाऱ्याला भर मंडपात, कॅमेऱ्यासमोर, कुणाही म्हातारीचं वाक्य दुरुस्त करून लिहावं लागे. सरकारला खरोखर अडचण झाली ती या एका नियमाची, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण बाकीचं सगळं तर त्यांच्या सोयीचंच होतं.

गोगीतून अजून युरेनियमची पिवळी पूड बाहेर पडलेली नाही. कधीतरी पडेल, किंवा आणखी कुठं भोकं पाडायला गाड्या येतील. तेव्हा पाण्यावरून जे भांडण होईल त्यात एक उत्तर ठरलेलं आहे: “हे युरेनियम तुमच्या पाण्यात आधीपासूनच होतं.” आणि त्यात तथ्यही असू शकतं, कारण युरेनियमच्या खडकातल्या पाण्यात ते थोडंफार उतरतंच. आधी किती होतं हे दाखवणारा कागद ज्याच्याकडं असेल तोच पुढं बोलू शकेल. तो कागद आजवर कंपनीकडंच असायचा, तोही एका ऋतूचा.

म्हणून भीमाकाठच्या आणि आमच्या बाजूच्या मंडळींना एवढंच सांगणं आहे. आपल्या बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या, आणि तपासताना ‘युरेनियम’ हे वेगळं लिहून मागा. नेहमीच्या क्षार-फ्लोराइडच्या तपासणीत ते येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम, आपल्या मानक ब्यूरोचीही तीच. अणुऊर्जा नियामक मंडळानं मात्र ६० सांगितली होती, तेव्हा कुणी ६० म्हणालं तर ३० विचारा. अहवालावर तारीख, बोअरचा सर्व्हे नंबर आणि प्रयोगशाळेचा शिक्का बघून घ्या. दोन झेरॉक्स काढा, एक ग्रामपंचायतीत आवक नंबर घेऊन द्या, आणि मूळ कागद सातबाऱ्याच्या, आमच्याकडं पहाणीच्या, पिशवीत ठेवा.